मोटारीवरील धूळ आणि रंगाचे रक्षण

उत्तर भारतातील उन्हाळी आंधी असो, कोकणातील जांभ्या दगडाची तांबडी माती असो अथवा शहरात चालू असलेल्या बांधकामाचा भुरका असो. उघड्यावर उभी केलेली मोटार एका रात्रीत धुळीने माखते, हा भारतातील नित्याचा अनुभव आहे. ही धूळ पातळ असते. तिच्यावर बोटाने रेघ ओढली तर खालचा रंग स्वच्छ दिसतो. म्हणून ती कोरड्या फडक्याने झटकून टाकावी असे सहज वाटते, आणि देशभरातील असंख्य वसाहतींत रोज सकाळी नेमके हेच केले जाते. गाडी चिखलाने भरलेली असेल तर मनुष्य पाणी शोधतो. ती नुसती धुरकटलेली असेल तर फडके शोधतो. रंगाची बरीचशी हानी या दुसऱ्या प्रसंगी होते. ती का होते आणि कशी टाळता येते, याचा विचार येथे केला आहे.

धुळीचे स्वरूप

धूळ हाताला मऊ लागते, परंतु हा मऊपणा तिच्या कणांच्या लहान आकारामुळे जाणवतो. कण स्वतः मऊ नसतात. वाऱ्याबरोबर दूरवर जाणारे कण बहुतांशी एका मिलिमीटरच्या सोळाव्या भागाहून लहान असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यांपैकी अनेकांना धारदार कडा व कोपरे दिसतात. ते मुख्यतः खडकांच्या झिजेतून निर्माण झालेल्या खनिजांचे तुकडे असतात.

खनिजांच्या कठिनतेची तुलना करण्यासाठी जर्मन खनिजविज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये दहा अंकांची एक श्रेणी तयार केली. या श्रेणीत संगजिरे पहिल्या आणि हिरा दहाव्या स्थानी आहे. वरच्या अंकाचा पदार्थ खालच्या अंकाच्या पदार्थावर ओरखडा काढू शकतो. माणसाच्या नखाची कठिनता सुमारे २.५, खिडकीच्या काचेची सुमारे ५.५ आणि क्वॉर्ट्झ म्हणजे गारगोटीची ७ आहे. गंगेच्या मैदानातील व थरच्या वाळवंटातील धुळीत क्वॉर्ट्झ विपुल असते. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकात ते क्वचितच आढळते; परंतु त्या खडकातील फेल्स्पार आणि पायरोक्सीन ही खनिजेही ५ ते ६.५ इतकी कठीण असतात. जांभ्याच्या मातीला तांबडा रंग देणारी लोहाची संयुगेही मऊ नव्हेत. तात्पर्य, धूळ कोणत्याही प्रांतातील असली तरी मोटारीच्या रंगाहून कितीतरी कठीण असे कण तिच्यात असतातच.

पॉलिशपेपर म्हणजे तरी काय? कागदावर सरसाने चिकटविलेले कठीण खनिजाचे कण. धूळ बसलेल्या पत्र्यावरून कोरडे फडके फिरविले की धुळीचे कण फडक्याच्या धाग्यांत अडकतात, हाताच्या दाबाने रंगावर दाबले जातात आणि फडक्याबरोबर ओढले जातात. अतिशय बारीक पॉलिशपेपर आणि असे फडके यांच्यात तत्त्वतः कोणताही भेद नाही.

रंगाचे थर

आजच्या मोटारीचा रंग हा एकच लेप नसतो. पोलादी पत्र्यावर प्रथम गंजरोधक प्रक्रिया करतात. तिच्यावर विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने अस्तराचा लेप बसवितात. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा दुसरा लेप, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक असा थर असतो. या सर्वांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरच्या पारदर्शक थराची जाडी बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन असते; म्हणजे तो वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ असतो. सूर्याच्या जंबुपार किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणे आणि गाडीला चकाकी देणे ही दोन्ही कामे हाच थर करतो.

हा थर बहुवारिकाचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा असतो. अशा लेपांची कठिनता तपासण्याची एक साधी रीत आहे. निरनिराळ्या प्रतीच्या शिसपेन्सिली एकामागून एक लेपावरून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने प्रथम ओरखडा उमटतो ते पाहतात. ज्या पृष्ठभागाची परीक्षा शिसपेन्सिलीने होऊ शकते, त्यावर गारगोटीचा कण घासला गेल्यास काय होईल हे वेगळे सांगावयास नको.

जुन्या मोटारींवर हा पारदर्शक थर नसे. २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले त्या अँबॅसडर मोटारीच्या जुन्या गाड्यांवर एनॅमलचा रंग थेट वरच असे. असा रंग जोराने घासला की फडक्याला त्याची छटा लागे आणि मालकाला झीज डोळ्यांनी दिसे. आजच्या गाडीत झिजतो तो थर रंगहीन असल्यामुळे फडक्यावर त्याची कोणतीही खूण राहत नाही. हानी पूर्वीप्रमाणेच होते. तिची सूचना मात्र मिळत नाही.

कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे

वर्ष-दोन वर्षे रोज पुसल्या गेलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीकडे उन्हात पाहिले असता सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेषा दिसतात. फडके गोल फिरविल्यामुळेच ही वर्तुळे पडली, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. घरातील स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहावे. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळे दिसतील. आणि डोके हलविले की ती वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतील. ओरखडे जागचे हलत नाहीत, मग वर्तुळे कशी हलतात?

याचे उत्तर प्रकाशाच्या परावर्तनात आहे. पृष्ठभागावर सर्व दिशांनी गेलेले असंख्य ओरखडे असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक सूक्ष्म खाच होय आणि ती आपल्या लांबीला आडव्या दिशेने प्रकाश फेकते. त्यामुळे प्रतिबिंबाकडून बाहेर जाणाऱ्या रेषेला काटकोनात असणारे ओरखडेच तेवढे चमकतात व बाकीचे दिसेनासे होतात. चमकणारे हे तुकडे एकत्र पाहिले की डोळ्याला वर्तुळांचा भास होतो. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तितकेच असतात. परंतु पांढरा रंग स्वतःच सर्व दिशांना भरपूर प्रकाश पसरवीत असल्यामुळे त्यात ते लपून जातात. काळ्या रंगाकडून असा प्रकाश येत नाही, म्हणून तेथे प्रत्येक रेघ उठून दिसते.

असे ओरखडे घालविण्यासाठी पृष्ठभाग अपघर्षक लेपाने घासून तो ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. म्हणजेच चकाकी परत आणण्याच्या प्रत्येक वेळी पारदर्शक थराचे काही मायक्रॉन कायमचे खर्ची पडतात. हा थर मर्यादेपलीकडे पातळ झाला की उन्हाने निस्तेज होतो, पांढुरका पडतो आणि अखेर त्याचे पापुद्रे निघू लागतात. त्यानंतर नवा रंग देण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणून ओरखडे काढण्यापेक्षा ते पडू न देणे केव्हाही शहाणपणाचे.

पाण्याची मर्यादा

मग नुसते पाणी ओतले तर चालणार नाही काय? अनुभव असा की, पाण्याचा जोरदार फवारा मारल्यावर गाडी स्वच्छ दिसते. पण वाळली की तिच्यावर राखाडी धुळीचा एक पातळ पडदा पुन्हा दिसू लागतो. याचे कारण कणांच्या आकारात आहे. कणाचे वजन त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, तर पृष्ठभागाला चिकटून राहण्याचे बल ढोबळमानाने व्यासाच्याच प्रमाणात बदलते. ५० मायक्रॉन व्यासाच्या कणाच्या तुलनेत ५ मायक्रॉन व्यासाच्या कणाचे वजन हजारपटीने कमी होते. चिकटण्याचे बल मात्र सुमारे दहापटीनेच कमी होते. त्यामुळे कण जितका लहान, तितका तो आपल्या वजनाच्या मानाने अधिक घट्ट बसतो. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग पृष्ठभागाच्या अगदी लगत जवळजवळ शून्य असतो. या मंद थराचा सिद्धांत लुडविख प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडला. बारीक कण या मंद थराच्या आश्रयाने तसेच राहतात.

तरीही आधी पाणी ओतण्याचे महत्त्व फार मोठे आहे. खोल ओरखडे काढणारे मोठे कण याच पाण्याने वाहून जातात. मागे राहतात ते बारीक कण. आणि त्यांना काढण्यासाठी पाण्याला दोन गोष्टींची जोड द्यावी लागते. एक साबण आणि दुसरी योग्य वस्त्राचा हलका स्पर्श.

साबणाचे कार्य

प्रक्षालकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते व दुसरे टोक तेलकट पदार्थाकडे. रस्त्यावरील धूर व वंगण यांचा अंश धुळीत मिसळलेला असतो. प्रक्षालक तो सोडवितो, कणाभोवती आवरण तयार करतो आणि कण पुन्हा पृष्ठभागावर बसू देत नाही. याहून महत्त्वाचे कार्य म्हणजे वंगणाचे. साबणाच्या पाण्याचा बुळबुळीत थर वस्त्र आणि रंग यांच्यामध्ये राहिल्याने कण रंगावर दाबला न जाता त्या थरातून निसटतो.

यासाठी मोटारीकरिता तयार केलेला सौम्य शॅम्पू वापरावा. भांडी घासण्याचा द्रव तेलकटपणा काढण्यासाठी बनविलेला असल्यामुळे तो रंगावरील संरक्षक मेणही काढून नेतो. कपडे धुण्याची पूड त्याहून अयोग्य, कारण तिच्यात क्षार असतात आणि न विरघळलेले कणही राहू शकतात.

धुण्याची रीत

गाडी सावलीत उभी करावी आणि बॉनेट थंड होऊ द्यावे. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळून डाग पडतात. प्रथम टपावर आणि मग क्रमाने खाली पाणी सोडावे. नळीची आवश्यकता नाही. बागेची झारी किंवा हाताने दाब देण्याचा फवारा पुरतो. पाणी वरून खाली वाहत असल्याने वरची घाण खाली जाते. म्हणून धुण्याचा क्रमही तोच ठेवावा. टप, काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग आणि शेवटी दरवाजांचा खालचा भाग व बंपर. खालच्या भागावर चाकांनी उडविलेली जाड वाळू असते. चाकांवर ब्रेकच्या झिजेतून निघालेले लोखंडाचे कण असतात. त्यांच्यासाठी वेगळे फडके ठेवावे आणि ते रंगावर कधीही लावू नये.

दोन बादल्या घ्याव्यात. एकीत साबणाचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. वस्त्र साबणाच्या पाण्यात बुडवून गाडीचा थोडासा भाग पुसावा. नंतर ते साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून पिळावे व मगच पुन्हा साबणाच्या बादलीत बुडवावे. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जाळी ठेवता आल्यास उत्तम. खाली बसलेली माती ती पुन्हा वर येऊ देत नाही.

एका बादलीने का भागत नाही, याचा हिशेब करता येतो. द्रवातून खाली बसणाऱ्या सूक्ष्म कणाच्या वेगाचा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दिला. त्या नियमानुसार क्वॉर्ट्झचा ५० मायक्रॉन व्यासाचा कण पाण्यातून सेकंदाला सुमारे सव्वादोन मिलिमीटर वेगाने खाली जातो. ३० सेंटिमीटर खोल पाण्याच्या तळाशी जाण्यास त्याला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. १० मायक्रॉन व्यासाच्या कणाला याच अंतरासाठी जवळजवळ एक तास लागतो. तोही पाणी स्तब्ध असेल तर. दर मिनिटाला ढवळल्या जाणाऱ्या बादलीत यांतील काहीच खाली बसत नाही. धुतल्या गेलेल्या गाडीची धूळ त्या पाण्यात तरंगत असते आणि प्रत्येक बुडीबरोबर फडक्यात परत येते.

वस्त्राची निवडही महत्त्वाची आहे. जुन्या बनियनचे किंवा चादरीचे फडके सपाट विणीचे असते. त्यात कणाला शिरण्यास जागा नसल्यामुळे तो वस्त्र आणि रंग यांच्यामध्येच चिरडला जातो. लांब लवीच्या सूक्ष्मतंतू वस्त्रात किंवा लोकरीच्या हातमोज्यात कण लवीच्या मुळाकडे सरकतो. सूक्ष्मतंतू वस्त्र पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या तंतूंचे असते आणि हे तंतू चिरून अतिशय बारीक केलेले असतात. वस्त्रावर दाब मुळीच देऊ नये. त्याचे स्वतःचे ओले वजन पुरेसे असते. हात सरळ रेषेत फिरवावा. वस्त्र जमिनीवर पडले तर ते बाजूला ठेवावे व दुसरे घ्यावे, कारण एकदा लवीत अडकलेली वाळू नुसत्या खळबळण्याने निघेलच अशी खात्री नसते.

थोड्या पाण्यात

नळीतून मिनिटाला १० लिटर पाणी येते असे धरले, तर ती १५ मिनिटे चालू ठेवल्यास १५० लिटर पाणी खर्च होते. भारतात भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचे जे मान ठरविले आहे ते दरडोई दररोज १३५ लिटर आहे. म्हणजे एक मोटार धुण्यात एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक पाणी जाते. मार्च २०२४ मध्ये टंचाईच्या काळात बंगळूर येथे मोटारी धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत नळीने मोटारी धुणाऱ्यांना २,००० रुपये दंड करण्याचा आदेश निघाला. वर सांगितलेली झारी आणि दोन अर्ध्या बादल्यांची रीत ३५ ते ४० लिटरांत पार पडते.

धूळ हलकी असेल तर याहूनही कमी पाण्यात काम होते. नंतर पाण्याने धुवावे न लागणारे, वंगणकारी बहुवारिकांनी युक्त असे द्रव आता मिळतात. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात असा द्रव ८ ते १० लिटर पाण्यात मिसळावा आणि त्यात सात-आठ स्वच्छ वस्त्रे भिजत ठेवावीत. त्यातील थोडा द्रव प्रथम पत्र्यावर फवारून धूळ भिजू द्यावी. मग एक वस्त्र घेऊन त्याची दोनदा घडी घालावी. म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ पृष्ठे होतात. एका पृष्ठाने एकदा पुसल्यावर पुढचे पृष्ठ घ्यावे. आठही पृष्ठे संपली की ते वस्त्र बाजूला टाकावे. वापरलेले वस्त्र बादलीत परत जाऊ द्यावयाचे नाही, हा या रीतीचा प्राण आहे. मात्र वाळलेला चिखल किंवा हाताला खरखरीत लागणारी वाळू असल्यास ही रीत वापरू नये. तेथे आधी पाणीच पाहिजे.

वाळविणे

पाणी आपोआप वाळू दिले तर थेंब आटतात, पण त्यांत विरघळलेले क्षार मागे राहतात. विंधन विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची संयुगे पुष्कळदा अधिक असतात व त्यांचे पांढरे कडे रंगावर बसते. म्हणून जाड, शोषक आणि स्वच्छ वस्त्र ओल्या पत्र्यावर पसरून हलकेच थोपटावे अथवा सरळ ओढून घ्यावे. घासू नये. वापरलेली वस्त्रे सुती कपड्यांपासून वेगळी धुवावीत व धूळ उडणार नाही अशा ठिकाणी वाळवावीत.

आणखी काही सवयींकडे लक्ष देणे इष्ट आहे. काचेवर धूळ असताना कोरडा वायपर चालवू नये. गारगोटी काचेहूनही कठीण आहे. धुळकट गाडीवर कापडी आच्छादन घातल्यास वाऱ्याने ते फडफडते आणि रात्रभर धूळ रंगावर घासत राहते. कोरड्या झुपक्याने झटकल्याने मोठे कण ओढले जातातच, शिवाय घर्षणाने पृष्ठभागावर स्थिर विद्युत् निर्माण होऊन नवी धूळ आकर्षिली जाते.

रोजच्या पुसण्याचा प्रश्न

शहरी वसाहतींत गाड्या पुसणारा मनुष्य पहाटे येतो. त्याच्याजवळ एक बादली आणि एक फडके असते आणि सूर्य वर येण्यापूर्वी दहा-पंधरा गाड्या उरकावयाच्या असतात. दहाव्या गाडीपाशी तो पोहोचतो तेव्हा त्याच्या बादलीत आधीच्या नऊ गाड्यांची धूळ असते. या स्थितीबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मालकाने कामाचे माप ठरविलेले असते ते असे की, गाडी रोज पुसलेली दिसली पाहिजे. त्या मापाप्रमाणे तो आपले काम चोख बजावतो.

बदलावयास हवे ते हे मापच होय. जागच्या जागी पडून राहिलेली कोरडी धूळ रंगाला ओरखडा काढीत नाही. ओरखडा निघतो तो ती घासली गेल्यामुळे. पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक लगेच भिजवून अलगद काढावा, कारण ते रंगाला रासायनिक इजा करतात. दवाने भिजून घट्ट बसणारी सिमेंटमिश्रित धूळही फार दिवस ठेवू नये. साधी धूळ मात्र चार दिवस राहिल्याने काही बिघडत नाही. त्याच वेतनात रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा वा दोनदा पुरेशी स्वच्छ वस्त्रे देऊन नीट धुवून घेतले, तर रंग टिकतो, पाणी वाचते आणि काम करणाऱ्यालाही आपले काम सावकाश व व्यवस्थित करण्यास वेळ मिळतो. वस्त्रांचा खर्च नव्या रंगाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

धूळ बसलेली गाडी पाहून मालकाचा हात फडक्याकडे जातो, तो स्वच्छतेच्या ओढीने. ही ओढ योग्यच आहे. फक्त फडक्याआधी पाणी आले पाहिजे, आणि पाणी मिळण्यासारखे नसेल त्या दिवशी धूळ तशीच राहू देणे हेच रंगाच्या दृष्टीने अधिक हिताचे असते.